गळका नळ, सुसाट फ्लश आणि ओली भिंत: स्वतः हात घालू की प्लंबर बोलावू?

थेंबमोजणी

घरात सध्या तीन ठिकाणी पाणी नको तिथे जातंय आणि त्यावरून माणसंही दोन बाजूंना गेलीत. माझं म्हणणं, यातली निदान दोन कामं मी करीन. नवरा म्हणतो, प्लंबरला बोलाव आणि मोकळी हो. सासूबाई रोज बाजू बदलतात. मी हिशेबाच्या कामातली बाई, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. तेव्हा आकडे सोसा.

एक, वॉश बेसिनचा नळ. बंद केला तरी ठिबकतो. दांडी जरा मागेपुढे करून एका ठराविक जागी आणली की थांबायचा, आता तिथेही थांबत नाही. रात्री साडेदहाला खाली भांडं ठेवलं, सकाळी सहाला मोजलं तर सव्वा लिटर. म्हणजे दिवसाला चार लिटर, वर्षाला जवळजवळ दीड हजार. हा आकडा नवऱ्याला सांगितल्यावर त्याने फक्त चष्मा पुसला.

दोन, फ्लशची टाकी. कोणी वापरलेली नसताना दर वीसेक मिनिटांनी आपोआप सूंऽऽ करून थोडं पाणी भरून घेते आणि गप्प होते. दिवसा कळत नाही. रात्री सासूबाई दोनदा उठून विचारतात, "आत कोण आहे गं?" झाकण काढून पाहिलं. मधे एक उभी नळी आहे, तिच्या तोंडाच्या दोन बोटं खाली पाणी थांबतं. वरून वाहून जात नाही एवढं मला कळलं. मग जातं कुठे?

तीन, भिंत. बाथरूमच्या पलीकडच्या खोलीत कपाटाशेजारी रंगाला फुगे आले आणि ओल धरली. ओलीच्या कडेने मी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली. नऊ दिवसांत ओल रेघेच्या चार बोटं बाहेर गेली आहे.

माझ्याकडे आहे काय, तर एक ॲडजस्टेबल पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हरचा संच आणि टेफ्लॉन टेपची अर्धी गुंडाळी. अनुभव म्हणाल तर शॉवरची जाळी साफ करण्यापुरता. मागच्या खेपेस स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने सात मिनिटांत अख्खा नळच बदलला. जुना मी नंतर उघडून बघितला तर आतला रबरी वायसर तेवढा चिरलेला होता. तेव्हापासून हे डोक्यात बसलंय.

तर रेघ कुठे मारायची? कुठपर्यंत आपलं आणि कुठून पुढे त्यांचं?

---

एकदाच_केलं

ताई, माझं नाव बघा, त्यातच उत्तर आहे.

मीही अशाच हौसेने भिंतीतला नळ बदलायला घेतला होता. व्हिडिओत तो माणूस पाना लावतो, दोन फेरे, नळ हातात. मी पाना लावला, हलेना. नळी सरकवून पान्याचा दांडा लांब केला, म्हणजे जोर जास्त. मग हलला. छान हलला, कारण नळाबरोबर भिंतीतला निपल, म्हणजे नळ आणि पाइप जोडणारा आट्यांचा छोटा तुकडाही मोडून हातात आला. जुने जी. आय. म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे पाइप, आतून गंजून पापुद्रा उरलेला. मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला धावलो तर तो जाम. अर्धा तास अंगठा भोकावर दाबून उभा होतो, खोटं नाही सांगत, आणि बायको गोधड्या आणून दारात रचत होती. शेवटी वरच्या मजल्यावरच्या एकाने गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह फिरवला.

नंतर आलेल्या मिस्त्रीने फरशा फोडून निपल काढला. तशा फरशा आता मिळत नाहीत, त्यामुळे तिथे चार वेगळ्या रंगाच्या आहेत. पाहुणे आले की हमखास विचारतात.

हात दाखवून अवलक्षण करू नका. माणूस बोलवा.

---

पाइपवाला

मी हेच काम करतो, बावीस वर्षं झाली. वर ज्या दादांनी लिहिलंय त्यांच्यासारख्या घरी मी किती वेळा गेलोय याचा हिशेब ताईंनाही ठेवता येणार नाही. तरी त्यांचं उत्तर मला पटत नाही. त्यांनी नळाला हात घातला ही चूक नव्हती. व्हॉल्व्ह फिरतो की नाही हे आधी बघितलं नाही, ती चूक होती.

आमच्या धंद्यात काम अवघड कशाने होतं? पाइप जोडणं अवघड नाही. पाणी सुरू असताना घाई होते आणि घाईत आटे मरतात. पाणी थांबलेलं असेल तर निम्म्या चुका तुम्ही सावकाश सुधारू शकता. म्हणून माझी रेघ एवढीच: जिथे तुमच्या आणि पाण्याच्या मधे नीट बंद होणारा व्हॉल्व्ह आहे आणि बिघडलेला भाग डोळ्यांना दिसतो, तिथे करून बघा. व्हॉल्व्हच्या पलीकडचं (जिकडून पाणी येतं ती बाजू), भिंतीच्या आतलं, गॅसच्या किंवा विजेच्या गीझरचं, हे आमच्यावर सोडा.

तर ताई, आज कशालाही पाना लावू नका. आधी बेसिनखालचा अँगल कॉक, म्हणजे फक्त त्या नळाचं पाणी बंद करणारा छोटा व्हॉल्व्ह, बंद करून नळ उघडा. पाणी थांबलं पाहिजे. मग फ्लशचा. मग मुख्य. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक पहिल्यांदा फिरवला की त्याच्या दांडीतून पाझरू शकतो. घाबरू नका, दांडीभोवतीचा छोटा नट असतो तो किंचित आवळला की बहुतेकदा थांबतं. फिरतच नसेल तर जबरदस्ती नको, मला नाही तर माझ्या कुठल्या भावाला बोलवा. आणि हे दुकानं उघडी असताना करा. रविवारी संध्याकाळी सात वाजता नळ खोलणारी माणसं हीच आमची खरी गिऱ्हाइकं.

आता नळाचं. तुम्ही "दांडी मागेपुढे" म्हणालात. किती फिरते? दोन-तीन फेरे फिरत असेल तर आत वायसर आहे. पाव फेऱ्यात उघडत-मिटत असेल तर वायसर नाही, आत सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकीवर एक सरकतात. त्यात वाळूचा कण किंवा क्षार गेला की चरा पडतो आणि मग ठराविक जागीच मिटतो, तुमचं वर्णन तसंच आहे. या चकत्या ज्यात असतात तो आख्खा भाग, म्हणजे कार्ट्रिज, बदलायचा असतो. दांडीवरची रंगीत टिकली नखाने उचला, खाली स्क्रू असेल. दांडी काढली की कार्ट्रिजचा नट दिसेल, पान्याच्या जबड्यात फडकं धरून फिरवा, नाहीतर चकाकीवर ओरखडे येतात. त्याआधी बेसिनच्या भोकाला बूच लावा. तो बारीक स्क्रू भोकात गेला की त्याच्यामागे बेसिनखालचा सांडपाण्याचा बाटली ट्रॅप उघडावा लागतो, आणि एका कामाची दोन होतात.

जुना कार्ट्रिज खिशात घालून दुकानात जा. फोटो नको, वस्तू न्या. लांबी, आटे आणि वरच्या दांडीचे दाते, तिन्ही जुळले पाहिजेत.

फ्लशचं तुम्हीच अर्धं शोधलंय. वरून जात नाही म्हणजे तळातून झिरपतंय. बटणाखाली जो उंच प्लास्टिकचा सांगाडा आहे तो बहुतेक टाक्यांत थोडा उलटा फिरवला की वर निघून येतो. त्याच्या तळाशी मऊ चकती आहे. धुवा, बसायची जागा बोटाने चाचपा, चकतीला कड पडली असेल तर उलटी करून बसवा. पुष्कळदा तेवढ्यावर दोन-तीन वर्षं निघतात. नाहीच जमलं तर नवी चकती.

भिंतीबद्दल एक सांगतो. फोडायची घाई करू नका. आम्हालाही करू देऊ नका. जो येताक्षणी छिन्नी काढतो त्याला आधी चहा द्या आणि विचारा, पुरवठ्याची लाइन गळते, सांडपाण्याची, की फरशीच्या सांध्यातून जातंय? तिन्हींना उपाय वेगळे. पुरवठ्याच्या पाइपात दाब कायम असतो, म्हणून ती गळती दिवसरात्र चालते. सांडपाण्याची लाइन फक्त वापरल्यावर गळते. सांध्यातून फक्त भिंतीवर किंवा फरशीवर पाणी पडलं तरच जातं. हे तुम्ही घरबसल्या ओळखू शकता. काही दिवस त्या बाथरूममध्ये कोणी अंघोळ करू नका, पण लाइनीचा पुरवठा चालू ठेवा. तुमची ती पेन्सिलीची रेघ आमच्या कुठल्याही यंत्राइतकी चांगली आहे. फक्त भिंत उशिरा बोलते, दर खेपेस चार-पाच दिवस द्या.

---

थेंबमोजणी

दादा, छापून भिंतीला लावावं असं लिहिलंत (कोरड्या भिंतीला).

सांगितल्याप्रमाणे फक्त कॉक फिरवले. बेसिनखालचा घट्ट होता पण बंद झाला. दांडीतून दोन थेंब आले, नट चिमूटभर आवळला, थांबले. मला स्वतःचाच एवढा अभिमान वाटला की नवऱ्याला बोलावून कोरडा नट दाखवला. फ्लशचा लगेच बंद झाला.

मुख्य व्हॉल्व्ह मात्र गोल गोल फिरतोय आणि पाणी येतच आहे. चाक फिरतं, आत काही होत नाही. या घरात आम्ही अकरा वर्षं राहतोय. अकरा वर्षं आमचा समज की आपल्याला घरातलं पाणी बंद करता येतं.

नळ पाव फेऱ्याचाच आहे. म्हणजे मी जो वायसर वायसर करत होते तो त्यात नाहीच.

---

पाइपवाला

गेट व्हॉल्व्ह. आत पितळी पाचर असते, दांडीला अडकवलेली. ती सुटली की चाक नुसतं फिरतं. हे तुमचं चौथं काम, आणि तिन्हींच्या आधीचं. ते तुम्ही करायचं नाही, कारण त्याच्या वरचं पाणी टाकीवरून बंद करावं लागतं आणि जुन्या लाइनीला दोन्हीकडून पाने लावावे लागतात, एकाने धरायची, दुसऱ्याने फिरवायचं. गेटच्या जागी बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. पाव फेऱ्यात बंद, आणि दांडी पाइपाला आडवी म्हणजे बंद, समांतर म्हणजे चालू. रात्री अंधारात हातालाही कळतं.

नळ आणि फ्लश मात्र करून टाका. त्यांचे आपापले कॉक चालतात.

---

निवृत्त_मास्तर

रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, प्लंबिंगमध्ये मी ढ. तरीही तीन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फ्लश तळातून झिरपतोय याची खात्री करायची तर टाकीत निळ्या शाईचे आठ-दहा थेंब टाका आणि अर्धा तास कोणालाही जाऊ देऊ नका. भांड्यात निळं उतरलं तर चकतीच. हा प्रयोग मुलांना फार आवडतो, तो अर्धा तास सोडला तर.

क्षार चढलेला कार्ट्रिज किंवा नळाच्या तोंडची जाळी फेकण्याआधी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा. तो पांढरा थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. ॲसेटिक आम्लात तो विरघळतो आणि बुडबुडे येतात, ते कार्बन डायऑक्साइडचे. सिरॅमिकला चरा पडला असेल तर मात्र व्हिनेगर काही करणार नाही. रबराचे भाग आधी काढून ठेवा.

तिसरी गोष्ट कोणी विचारलेली नाही. पण नळाच्या दुरुस्तीला लागलेली माणसं पुढच्या रविवारी तुंबलेल्या मोरीकडे वळतात असा अनुभव आहे. मोरी साफ करायचं आम्ल आणि ब्लीच एकामागोमाग एक ओतू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, 1915 साली बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जर्मन सैन्याने खंदकांवर सोडला होता तोच. बंद दाराच्या छोट्या बाथरूममध्ये त्याची मात्रा मोजायला कोणी थांबत नाही. एक वापरून उपयोग झाला नाही तर दुसरं ओतण्यापेक्षा भरपूर पाणी सोडा, दार उघडं ठेवा आणि तारेने किंवा पंपाने काढा. कॉस्टिक सोड्याचंही तसंच, पाण्यात पडला की भयंकर तापतो. खडे टाकून वरून गरम पाणी ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. एकाच्या हातावर अजून डाग आहे. तो माझा सख्खा भाऊ.

---

गच्चीवरचा_गडी

मधेच विचारतो, माफी असावी. आमच्या गीझरच्या वरच्या एका व्हॉल्व्हमधून तापताना थेंब पडतात. टेफ्लॉन लावून घट्ट केला तर चालेल का? आणि टेप कुठल्या बाजूने गुंडाळायची?

---

पाइपवाला

तो दाब सोडणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचं कामच ते आहे. पाणी तापलं की फुगतं, जास्तीचं थोडं तिथून बाहेर पडतं. त्याचं तोंड बूच मारून बंद केलं तर टाकीच फुटू शकते. विनोद नाही. तापत असताना थोडे थेंब ठीक, बंद असतानाही सतत धार असेल तर कंपनीचा माणूस बोलवा. तोवर स्विच बंद.

टेप: आट्यांचं टोक स्वतःकडे धरा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, पहिला आटा थोडा मोकळा सोडून. उलटी गुंडाळली तर आवळताना तीच सुटून गोळा होते. आणि ज्या जोडात रबरी वायसर आहे तिथे टेप लावून उपयोग नाही. तिथे पाणी आटे अडवत नाहीत, वायसर अडवतो. कनेक्शन पाइपच्या नटाला दहा वेढे मारलेले मी रोज बघतो.

---

एकदाच_केलं

टेप उलटी गुंडाळली होती हे मला आज कळलं. चौदा वर्षांनी.

---

थेंबमोजणी

नळाचा अहवाल.

कार्ट्रिज निघाला. वेळ लागला पंचेचाळीस मिनिटं, त्यातली वीस ती रंगीत टिकली उचलण्यात. व्हिडिओत ती नखाने निघते. माझी शिवणाच्या सुईने निघाली. बूच लावलं होतं, बरं झालं, स्क्रू तीनदा पडला.

मास्तरांच्या सांगण्यावरून रात्रभर व्हिनेगर. बुडबुडे आले, थर गेला, चकत्यांवरचा चरा मात्र सकाळी जास्तच स्पष्ट दिसला. मग दुकानात. आणि इथे मी शहाणपणा केला. जुना घरी विसरले आणि परत यायचा कंटाळा म्हणून "पाव फेऱ्याचा, साधारण एवढा" असं बोटांनी दाखवून घेऊन आले. लांबी बरोबर, आटे बरोबर, दाते जुळेनात. दांडी बसतच नाही. पाइपवाले दादा, तुम्ही "फोटो नको, वस्तू न्या" लिहिलं होतं, मी तर फोटोही नेला नव्हता. दुसरी फेरी, या वेळी कार्ट्रिज मुठीत. बसला. दोन रात्री भांडं ठेवलं, दोन्ही सकाळी कोरडं.

फ्लश: शाई खाली उतरली. नवऱ्याला न सांगता प्रयोग केला होता, त्यामुळे सकाळी थोडा गोंधळ झाला, तो जाऊ द्या. चकतीला एका बाजूला नखाएवढी खाच पडली होती. उलटी करून बसवली. सूंऽऽ बंद. सासूबाई आता म्हणतात की रात्री फार शांत झालंय, झोप लागत नाही.

मुख्य व्हॉल्व्हसाठी माणूस बोलावला. आल्या आल्या म्हणाला, सगळी लाइन बदला. मी म्हटलं, आज फक्त व्हॉल्व्ह. त्याने दोन पाने लावले, एक मला धरायला दिला. हालू न देणं म्हणजे काय ते तेव्हा समजलं. माझे दोन्ही हात थरथरत होते आणि तो शांतपणे दुसरा पाना ओढत होता. हे मी एकटीने करायला घेतलं असतं तर माझ्याही घरात वेगळ्या रंगाच्या फरशा असत्या. नवा व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात बंद होतो. घरातल्या सगळ्यांना एकेकदा फिरवायला लावला, सासूबाईंनाही.

आता भिंत. एक गोष्ट लक्षात आली ती लिहिते, कोणाला उपयोग होईल. दोन आठवड्यांपूर्वी, फ्लश दुरुस्त करण्याआधी, मी सगळे नळ बंद करून मीटर पाहिलं होतं आणि ते छोटं चाक मधूनमधून फिरत होतं. मी धरून चालले की भिंतीतला पाइप फुटला. घरात तसं जाहीरही केलं. फ्लशची चकती बसवल्यावर पुन्हा पाहिलं, चाक स्तब्ध. एक तास उभी राहिले, आकडा हलला नाही. म्हणजे ते चाक फ्लश फिरवत होता. छिन्नीवाला त्या आधी आला असता तर मीच त्याला मीटर दाखवून भिंत फोडायला सांगितली असती.

बाथरूम पाच दिवस बंद ठेवली. ओल रेघेवर थांबली, पुढे गेली नाही. पुढचे पाच दिवस रोज चार बादल्या पाणी थेट मोरीच्या जाळीत ओतलं, भिंतीला आणि फरशीला न लागू देता. तरी हलली नाही. उद्यापासून शॉवरच्या भिंतीवर पाणी.

---

पाइपवाला

ताई, तुम्ही हिशेब सोडून आमच्यात या.

पुरवठ्याची नाही, सांडपाण्याचीही दिसत नाही. भिंतीवर पाणी मारताना सगळीकडे एकदम मारू नका. आधी खालचा भाग, नंतर नळांच्या आसपास. आणि नळामागची ती गोल चकचकीत झाकणी सरकवून आत डोकावा.

---

थेंबमोजणी

शेवटचा अहवाल, जरा उशिरा.

खालच्या भागावर चार दिवस पाणी, काही नाही. शॉवरच्या मिक्सरभोवती (गरम-गार पाणी मिसळणारा नळ) मारायला लागले, तिसऱ्या दिवशी ओल रेघेबाहेर एक बोट. झाकणी सरकवली. फरशीला पाइपासाठी पाडलेलं भोक पाइपाच्या दुप्पट, आणि मधे काहीच नाही. पोकळी. बोट जात होतं. आमच्या शॉवरची धार नेमकी तिथेच आपटते, पाणी झाकणीच्या मागून आत, आणि भिंतीतून पलीकडे कपाटापाशी. पाइप धडधाकट.

भोक स्वतः बुजवावं की माणूस बोलवावा यावर घरात पुन्हा चर्चा झाली. या वेळी बाजू उलट्या होत्या. नवरा म्हणाला, एवढं तर तू करशील. मी म्हटलं, नको, आत किती लांबवर पोकळ आहे ते मला दिसत नाही. दिसत नाही ते माझं नाही. तोच व्हॉल्व्हवाला माणूस आला, त्याने टॉर्च मारून पाहिलं, आतली सुटलेली माती काढली, भरलं, दोन दिवस वाळू दिलं आणि मग सिलिकॉन लावून झाकणी बसवली. जाताना बेसिनचा नळ उघडून बघितला आणि म्हणाला, "ही जाळी उलटी बसवलीय." खरंच उलटी होती. मी त्याला सांगितलं नाही कोणी बसवली ते.

पाहुण्या फरशीवाले दादा, तुमच्यासाठी एक: व्हॉल्व्हच्या दांडीला मी लाल दोरा बांधलाय आणि दर महिन्याच्या एक तारखेला एकदा बंद-चालू करते. वहीत नोंद आहे.

भिंत अजून वाळतेय. आज सकाळी ओल रेघेच्या दोन बोटं आत होती. नवी रेघ मारली, तारीख टाकली.